शालन मॅडमनी तंबू हलवले त्याची गोष्ट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान माननीय प्राचार्य व संस्थेचे पदाधिकारी, गुरुजनवर्ग, आजी-माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि आज निवृत्त होत असलेल्या आमच्या भूगर्भशास्त्राच्या शालन खरात मॅडम, सर्वांना नमस्कार.

मी उर्वी म्हात्रे, मोहन्याची. अकरा वर्षांपूर्वी इथेच, कल्याणला शिकले. मला पाच मिनिटं दिली आहेत आणि गोड बोलावं अशी सूचनाही आहे. प्रयत्न करते.

आत्ताच मानपत्रात वाचलं गेलं, ‘मॅडमनी संस्थेची शिस्त सदैव पाळली.’ अध्यक्ष महोदय, हे कोणी लिहिलं? ज्या दिवशी मॅडमनी शिस्त मोडली, त्या दिवशी मी तिथे होते.

हिमाचलात आमची अभ्याससहल गेलेली. एकतीस मुलं, मॅडम आणि सहलप्रमुख, म्हणजे आजचे आपले प्राचार्य. आपल्याकडचा कातळ काळा, लाव्हाचा. ग्रॅनाइट आणि हिमनदीची दरी आम्ही पुस्तकातच पाहिलेली. दरीच्या तोंडाशी मॅडमनी विचारलं, "उर्वी, ही दरी इतकी सरळ कशी गं?"

"हिमनदीने कोरली, मॅडम."

"बर्फाला सरळ रेघ कुठे मारता येते? आधी खडक फुटला. जिथे भेगा दाट, तिथले ठोकळे बर्फाने धरले आणि उपटून नेले. जिथे विरळ, तिथे नुसता घासला. तो बघ, तो उंचवटा अजून उभा आहे."

मग त्यांची नजर समोरच्या कड्यावर गेली. आमचे तंबू नेमके त्याच्या पायथ्याशी. बर्फाचा टेकू गेला की अशा कड्याचे थर हळूहळू सुटत जातात, हे त्यांनी सहलप्रमुखांना समजावलं. वरची ताजी, पांढरट जखम दाखवली. खालचे कोऱ्या कडांचे धोंडे दाखवले. उत्तर काय मिळालं? "मॅडम, लेक्चर कल्याणला घ्या. इथे मुलांना घाबरवू नका."

मॅडमनी वाद घातला नाही. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "पोरांनो, तंबू उचला." भर दुपारी आम्ही सगळं सामान ओढ्यापलीकडे नेलं. सर रागारागाने मागून आले. चार वाजता कडा सुटला. धूळ खाली बसली तेव्हा आमच्या स्वयंपाकाच्या तंबूच्या जागी खोलीएवढा धोंडा होता. एकाही मुलाला खरचटलं नाही.

यावर संस्थेने काय करावं? तिसऱ्या आठवड्यात मॅडमना मेमो! ‘वरिष्ठांचा अवमान, विद्यार्थ्यांत घबराट.’ कडा कोसळल्याचा त्यात एक शब्द नाही. पुढे सहली बंद, मग भूगर्भशास्त्रच बंद, आणि मॅडमची रवानगी भूगोल विभागात. मॅडमनी आयुष्यभर जमवलेले दगड मोडक्या बाकांखाली गेले. विभागप्रमुखपदाची वेळ आली तेव्हा फाईलमधला तोच मेमो आडवा आला.

नाही मॅडम, हात ओढू नका. बोलू द्या मला.

प्राचार्य सर, शाल छान आहे. पण आधी तो मेमो मागे घ्या. लेखी. आज, या सभागृहात. आम्ही एकतीस जण जिवंत आहोत, आणखी कसला पुरावा हवा आपल्याला?

टाळ्या नकोत, मित्रांनो. अजून सांगायचं राहिलंय. त्या मेमोला विद्यार्थ्यांचा जबाब जोडलेला होता, ‘मॅडमच्या वागण्याने आम्ही घाबरलो’ असा. मला ऑफिसात बोलावलं. "सही कर, प्रॅक्टिकल अजून व्हायचीय तुझी." न वाचता सही केली असं खोटं सांगणार नाही. वाचलं, आणि केली. पहिली सही माझी आहे. मॅडमना ते ठाऊक होतं. तरी पुढच्या वर्षी माझं शिफारसपत्र त्यांनीच लिहिलं. आज मी घाटरस्त्यांवरचे कडे तपासते, ती नोकरी त्या पत्रामुळे.

आयोजकांनी बोलायला उभं केलं आणि आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. रागाच्या भरात व्यासपीठाचा मान राहिला नसेल, तर ती चूक माझ्या नावावर असू द्या. तिची क्षमा मी मागत नाही. मागायची आहे ती एकाच सहीची, आणि एकाच माणसाकडे.

शालन मॅडम, मला माफ करा.