माशाचं शेपूट

रोममधल्या एका तळघरात आमचा पर्यटकांचा घोळका रोमन काळातली, रंगीत खड्यांनी मासे चितारलेली फरशी बघत उभा होता. माझ्या मागे एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं.

"फाउस्तो, हा मासा अर्धाच आहे रे."

"गप्प बस, ओर्नेल्ला."

"शेपूट आपल्या बाथरूमखाली आहे. तूच सिमेंट ओतलंस त्याच्यावर."

"हळू बोल. कुणी ऐकलं तर सरकारी माणसं खणायला येतील, घराला टाळं ठोकतील. या वयात जायचं कुठे?"

"गाईड म्हणतेय, उरलेला भाग शेजारच्याच इमारतीखाली असणार."

"म्हणू दे. पण मला इथे आणलंस कशाला?"

"वीस वर्षं त्या शेपटावर उभी राहून अंघोळ करतेय. तोंड तरी बघावं म्हटलं."

"बघितलंस ना? चल आता."

"इथून पाय निघत नाहीये रे."