जंतूंची चौकशी

बीडच्या दवाखान्यात औषधांच्या रांगेत सुंदररावांच्या मागे दोघीजणी बोलत होत्या.

"चंद्रभागाकाकू, तुमी इथं कावून?"

"तुजे काका ॲडमिट हायेत. मंगल कार्यालयातलं उरलेलं अन्न खाल्लं."

"ते तर आता कारखान्याला जातंय ना? जंतूंला चारून त्येचं प्लास्टिक करत्यात म्हणं."

"व्हय. लोकांनी उचलू न्हाई म्हणून वॉचमननं वर फवारणीचं औषध वतलं."

"वास न्हाई आला?"

"भुकेत कुठला वास, बाई! दोन दिस झाले, शुद्ध न्हाई."

"कुणी आलं का बघाया?"

"पुण्याहून दोन गाड्या आल्या सायबांच्या."

सुंदररावांना जरा बरं वाटलं. ते वळून म्हणाले, "म्हणजे चौकशी लागली तर."

"लागली की, दादा. कारखान्यातले जंतू कशानं मेले, त्येची."