गाण्यासाठी घेतलेला स्विच

नाही, फरक पडत नाही— विकणाऱ्यानंच असं सांगावं म्हणजे विचित्रच, पण तुम्ही भर दुपारी मुलुंडहून कांदिवलीला आलात, प्रबुद्ध, खोटं कशाला बोलू. राउटरची वायर या स्विचमध्ये, यातून दुसरी वायर प्लेअरला, बास. इंटरनेटवरचं गाणं यातून जाताना स्वच्छ होतं म्हणे— मीही मानलं होतं ना. पहिल्या दिवशी तानपुरा असा लांब, मागे गेल्यासारखा वाटला. मग मुलीनं, ऋतिकानं, परीक्षा घेतली. मला पाठमोरं बसवून कधी हा, कधी साधा स्विच लावला— वीसदा. बरोबर किती आले? नऊ. डोळे झाकून सांगितलं असतं तरी तेवढेच. "बाबा, डेटा तोच येतो, आवाज कसा बदलेल?" बरोबरच आहे तिचं.

तरी काढला नाही. का, तर क्षमाचं— माझ्या बायकोचं— एक रेकॉर्डिंग आहे, गौरीच्या गाण्यांचं, बहिणीकडे मोबाइलवर घेतलेलं. गाणं संपल्यावर ती काहीतरी पुटपुटते. मला वाटायचं, हा स्विच असला की शब्द कळतात— 'अहो' म्हणतेय, मला हाक मारतेय. ऋतिका म्हणते, तो पंख्याचा आवाज. असेल. मी त्या दिवशी तिथं नव्हतोच, मला कशाला हाक मारेल.

हाक मारली ती गेल्या वर्षीच्या मार्चात. हा स्विच आला त्याच आठवड्यात. ती बाथरूममध्ये पडली आणि मी इथं, याच खुर्चीत— कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, दोन सुरांमधली शांतता आधीपेक्षा गडद झाली का ते ऐकत होतो. समोरच्या रत्नप्रभाबाईंना दोन बंद दारांपलीकडून ऐकू गेलं. त्यांनी बेल मारली, दार ठोठावलं, शेवटी त्यांच्याकडची चावी लावून आत आल्या— खांद्याला हात लावला तेव्हा मी डोळे उघडले. तोवर ती हाक मारायची थांबली होती. बाई कुणाला बोलल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या की नुसत्या बघतात.

ऋतिकाला मी काय सांगितलंय माहितीये— दूध आणायला खाली गेलो होतो. दीड वर्ष तेच सांगतोय. आणि ती उलट मलाच समजावते, बाबा, तुम्ही घरात असतात तर धावला असतात—

थांबा. लिफ्टचं दार वाजलं, ऋतिकाच असणार. हे घ्या, पिशवीत टाका. विचारलंच तिनं, तर स्विचबद्दल बोलत होतो म्हणा. चला, निघा आता.