कळ कुणाच्या हातात?

...मग मी काय वेडी होते का, सांगा ना! लांब परदेशात शिकले, तिथे बाळंतपणात बायकांच्या पाठीला पट्ट्या चिकटवतात, छोट्या यंत्रानं हलका करंट सोडतात, दुखणं जरा सुसह्य होतं, हे डोळ्यांनी पाहिलं. म्हटलं, इथल्या बायकांनीच का दात आवळून पडायचं? पहिली मी! तर करंट म्हटल्याबरोबर सासूबाई थेट भिंतीला टेकल्या. "अगं, आत जीव आहे!"

"घाबरू नका हो आई, नुसत्या मुंग्या येतात!"

दवाखान्यात पाठीला पट्ट्या चिकटवल्या आणि यंत्र नवऱ्याच्या हातात दिलं. बजावलं, मला कळ आली की ही कळ दाबायची, करंट वाढतो. तुम्हाला सांगते, दोन्हीला एकच शब्द, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही!

पलीकडच्या खोलीत एक बाई सकाळपासून ओरडत होती... ती एकदम थांबली. पुढे काहीच नाही. ना तिचा आवाज, ना बाळाचा. दाराबाहेरून कुणीतरी धावत गेलं. सिस्टर म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा."

आणि नेमकी तेव्हाच, कमरेतून...

"कळ आली!"

"आली कुठून? माझ्याच हातात आहे!"

"अरे, कळ, कळ!"

"हीच ना?"

दाब रे बाबा! दाबली. खोटं कशाला बोलू, मुंग्या आल्या आणि दुखण्याची धार बोथट झाली. मी हुश्श केलं, "गेली कळ." झालं! हा कॉटखाली वाकून शोधतोय! वर सासूबाई, "कुठे पडली रे?" नुसत्या मुंग्या येतात म्हणे... डोक्याला आल्या माझ्या!

तेवढ्यात... पोटाला बांधलेल्या सिस्टरच्या मशीनमधून बाळाचे ठोके ऐकू येत होते ना? ते गेले. नुसती खरखर. सिस्टरचा चेहरा पांढरा. "बंद करा ते! ठोके सापडत नाहीयेत!"

पलीकडची ती शांतता आता आमच्या खोलीत शिरली होती. सासूबाई नुसत्या माझ्या पाठीवरच्या पट्ट्यांकडे बघत होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं हो! मीच पट्ट्या ओरबाडून काढल्या. नुसत्या मुंग्या, नुसत्या मुंग्या, मनातल्या मनात घोकत होते...

खरखर थांबली. आणि ठोके! घोडा दौडावा तसे! बाळाला काही झालंच नव्हतं, यंत्राच्या करंटनं ठोक्यांचं मशीन गोंधळलं होतं. पण सिस्टर पट्ट्या परत लावू देते होय? पुढचं सगळं कोरडंच सोसलं. मुंगीसुद्धा नाही!

मुलगी झाली. आणि हा बाहेर फोनवर सगळ्यांना सांगतोय, "दोघी छान! यंत्र होतं ना, फारसं काही कळलंच नाही!"

कळेल कसं? कळा माझ्या होत्या!