एका मशीनचे तीन फोटो

सिस्टर : उतरवू नकोस म्हणते ना! दोर सोडायचा नाही. आल्या पावली गाडी वळव.

ड्रायव्हर : सिस्टर, थट्टा करताय का माझी? तासाभरात तपासणीच्या मॅडम येतायत. पलीकडच्या केंद्रातल्या सिस्टरांनी स्वतः हात लावून मशीन गाडीत चढवून दिलंय. दर तपासणीला देतात तसंच.

सिस्टर : दर तपासणीला देतात, तेच तर दुखणं आहे.

ड्रायव्हर : अहो, पण बाळंतपणाच्या खोलीत बाळाला ऊब द्यायचं मशीन दिसलं नाही तर खोलीला कुलूप लागतं! हे मला तुम्हीच सांगितलंय.

सिस्टर : सांगितलंय. नियम आहेच तसा.

ड्रायव्हर : मग? माझ्या घरी काय चाललंय ते ठाऊक नाही का तुम्हाला? बायकोची पुढच्या महिन्यातली तारीख तुम्हीच काढून दिलीत ना? खोली बंद झाली तर मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. निम्मा रस्ता खडीचा. त्या रस्त्यानं रोज लोकांच्या बायका नेतो मी. एकेका खड्ड्याला त्या कशा कळवळतात ते मला विचारा. त्यात माझी नको, सिस्टर. हात जोडतो.

सिस्टर : हात खाली घे आधी. तुझी बायको माझ्याच देखरेखीखाली आहे, तिच्या काळजीनंच हे चाललंय माझं. एक सांग. ज्या दिवशी तिला कळा येतील, त्या दिवशी हे मशीन कुठं असेल?

ड्रायव्हर : मी आणीन की! गाडी माझ्याच हातात आहे. वाऱ्यासारखा जाऊन आणीन.

सिस्टर : आणि तिकडं त्याच दिवशी कुणी बाळंत झाली असेल तर? तिच्या बाळाला मशीनमधून काढून आणशील?

ड्रायव्हर : ...काहीतरीच काय बोलता.

सिस्टर : मीच बोलायची राहिले होते इतकी वर्षं. दोन वर्षांपूर्वीची तपासणी आठवते?

ड्रायव्हर : विसरीन कसा?

सिस्टर : मशीन इथं उभं होतं, धुऊनपुसून. मॅडमना दाखवायला. आणि तिकडं सातव्या महिन्यातली एक आली. तुला फोन आला तेव्हा मी इथं हसत हसत मॅडमना नवा पडदा दाखवत होते.

ड्रायव्हर : हॉर्नवरचा हात उचलला नव्हता मी. तेव्हापासून लोक हॉर्नमास्तर म्हणतात मला.

सिस्टर : तू मशीन घेऊन पोचेपर्यंत तिथल्या सिस्टरनं त्या एवढ्याशा जिवाला आईच्या छातीशी धरून ठेवलं, वरून स्वतःचा स्वेटर घातला. वाचलं.

ड्रायव्हर : आता दार उघडं दिसलं की धूम ठोकतं कार्टं. परवा माझ्या गाडीत चढून बसलं होतं.

सिस्टर : वाचलं, म्हणून आपण सगळे विसरलो. मीसुद्धा. आणि नेहमीसारखंच आजही मीच फोन करून मशीन मागवलं, बरं का. सवय! फोन ठेवला आणि माझीच मला लाज वाटली. म्हणून सांगते, ने परत.

ड्रायव्हर : उशीर झाला, सिस्टर. ती बघा जीप. मॅडम तासभर आधीच आल्या. आता काय करायचं?

सिस्टर : तू दाराशी उभा राहा. घाम पूस. आणि माझ्याकडे असं बघू नकोस, मी काही तुझी शत्रू नाही.

(जीपचं दार आपटल्याचा आवाज. मॅडम हातात फॉर्म घेऊन आत येतात.)

मॅडम : नमस्कार, सिस्टर. मला आज आणखी दोन ठिकाणी जायचंय, तेव्हा चहापाणी नको. भराभर करू. पाणी?

सिस्टर : आहे.

मॅडम : हातमोजे, टाके घालायचं सामान?

सिस्टर : आहे. उकळून ठेवलंय, बघा.

मॅडम : बाळाचं वॉर्मर?

सिस्टर : नाही.

मॅडम : कुठंय? दुरुस्तीला?

सिस्टर : नाहीच आहे. कधीच नव्हतं.

मॅडम : असं कसं? मागच्या वेळी मी स्वतः पाहिलंय. फोटो आहे माझ्याकडे.

सिस्टर : तो फोटो काढा ना. आणि त्याच महिन्यात पलीकडच्या केंद्रात काढलात, वरच्या रस्त्यावरच्या केंद्रात काढलात, ते पण काढा. तिन्ही शेजारी शेजारी बघा.

मॅडम : सिस्टर, मला खरंच वेळ नाही.

सिस्टर : चाक बघा फक्त. डावं, पुढचं.

मॅडम : ...पट्टी गुंडाळलीय.

सिस्टर : प्लास्टर आहे ते. चाक निखळलं होतं, मीच घातलंय, माणसाच्या पायाला घालतात तसं. दुसऱ्या फोटोत?

मॅडम : प्लास्टर.

सिस्टर : तिसऱ्यात?

मॅडम : बाई गं. म्हणजे तीन केंद्रांत मिळून एकच मशीन?

सिस्टर : एकच. तुमच्या पुढं पुढं पळतं. तुम्ही आठ दिवस आधी कळवता, आम्ही आठ दिवस आधी तयारी करतो. आत्ता या क्षणी ते बाहेर ॲम्ब्युलन्समध्ये दोराला बांधलेलं आहे. हा आमचा ड्रायव्हर, यानंच आणलंय. माझ्या सांगण्यावरून.

ड्रायव्हर : मॅडम, सिस्टरांची चूक नाही! केंद्र बंद पडू नये म्हणून करतात सगळे. माझी बायको पुढच्या महिन्यात इथंच... खोली बंद करू नका, मॅडम. पाहिजे तर माझी नोकरी घ्या.

सिस्टर : गप रे. मॅडम, याची नोकरी घेतली तर गाडी कोण चालवणार?

मॅडम : हसू नका, सिस्टर. याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? मी तिन्ही ठिकाणी 'आहे' लिहून सही केलीय. वर यादी गेली. वरच्या बैठकीत वॉर्मरसाठी सरकारचे पैसे मंजूर झालेले होते. कुणाला हवीत, असं विचारलं. आमच्या भागाला काही कमी नाही, असं मी छाती काढून सांगितलं.

सिस्टर : मग आमच्या वाटचे पैसे कुठं गेले?

मॅडम : मुख्य ऑफिसच्या दाराला काच बसवली. आपोआप उघडणारी. मी रोज त्याच दारातून आत जाते.

सिस्टर : इतकी वर्षं मला वाटायचं, सरकारला आमची किंमत नाही. आणि सरकारला वाटायचं, आम्हाला कसली कमी नाही. दोघांच्या मधे उभं कोण, तर प्लास्टरवालं मशीन!

मॅडम : आणि मी.

सिस्टर : तुम्ही एकट्या नाही. पडदा धुऊन लावणारी मी होते.

मॅडम : पण आता 'नाही' लिहिलं, तर माझ्याच सह्या खोट्या ठरतात. तीन-तीन. साहेब म्हणतील, बाई, तुम्ही काय डोळे मिटून तपासणी करत होता?

सिस्टर : म्हणतील. ऐकून घ्यायचं. मीही माझ्या सहीनं लिहून देते, मशीन मागून आणून दाखवत होते म्हणून. साहेबांना दोघींवर एकदमच ओरडू दे, त्यांचाही वेळ वाचेल.

मॅडम : तुम्हाला भीती नाही वाटत?

सिस्टर : वाटते की. पण हजारभर बाळंतपणं केलीयत या हातांनी. घाबरत घाबरत काम नीट करता येतं, एवढं मला चांगलं माहीत आहे.

ड्रायव्हर : मॅडम, खोलीचं काय?

मॅडम : थांबा. वॉर्मर नसेल तर खोली बंद, असं छापलंय खरं. पण खाली शेऱ्याची जागा असते. आजवर मी तिथं नुसतं 'समाधानकारक' लिहीत आले.

सिस्टर : आज काय लिहिता?

मॅडम : 'वॉर्मर नाही. खोली चालू ठेवावी, वॉर्मर तातडीनं द्यावं.' पुढच्या दोन केंद्रांच्या फॉर्मवर पण खरं तेच. तिन्हीत मिळून एकच मशीन, दोन कमी आहेत, असं लिहिते. शुक्रवारी खर्चाची यादी ठरणार आहे. टपालात टाकणार नाही, स्वतः घेऊन जाते. तिन्ही फोटो बरोबर.

ड्रायव्हर : मिळेल ना, मॅडम? महिन्याच्या आत?

मॅडम : तारीख सांगून तुला फसवणार नाही. पण मिळेपर्यंत साहेबांचा पिच्छा सोडणार नाही, आणि ते मला ओळखतात. मी मागं लागले की माणसं जेवायचं विसरतात.

सिस्टर : हे आमच्या भाषेत बोललात!

मॅडम : आता ते मशीन जिथून आणलंत तिथं पोचवा. आधी तिथं. मी जीपनं मागून येते. आणि तिकडच्या सिस्टरना फोन करू नका हं. मला एकदा तरी न सांगता जाऊ द्या.

ड्रायव्हर : निघतो. सिस्टर... एक मिनिट. फोन वाजतोय. घरून आहे. हॅलो? हो, झाली तपासणी. पास? नाही गं, नापास झालो. सपशेल नापास! अगं, रडतेस काय वेडे, मी हसतोय ना? खोली चालू राहणार आहे, आणि आपल्याला मशीन... कसं सांगू तुला, घरी आल्यावर सांगतो सगळं. ती विचारतेय, सिस्टर, मग बाळंतपणाची पिशवी भरून कुठल्या हॉस्पिटलात ठेवायची?

सिस्टर : तिला सांग, इथं माझ्या कपाटात जागा केलीय.