बागेचं फाटक

ग्रामसभेत मी आयुष्यात एकदाच बोलले. कोल्हापूरची वस्ती सरकत सरकत आमच्या गावापर्यंत आली होती. नव्या आराखड्यात मुलांच्या बागेला जागा ठेवली होती, पण ती नेमकी उसाचे ट्रक धावणाऱ्या रस्त्याला लागून. माझा चिनू नुकताच पळायला लागलेला. मी म्हटलं, "बागेला भिंत आणि फाटक हवंच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, शिकल्याचं चीज झालं!

फाटक बसलं. दुसऱ्या दिवशी चिनूला घेऊन गेले, तर घसरगुंडीला शेजारच्या शिवादादांच्या दोन म्हशी बांधलेल्या.

"दादा, अहो, ही मुलांची बाग आहे!"

"व्हय की. पण वैनी, रस्त्यावर ट्रकांची भीती हाय, असं तुम्हीच म्हटलासा न्हवं? तुम्हाला लेकराची काळजी, मला म्हशींची."

"आणि म्हशीनं चिनूवर पाय दिला म्हणजे?"

"म्हैस बघून पाय टाकती, वैनी. ट्रकवाला बघतोय व्हय?"

फाटकाची कडी नीट लागलीय ना, तेवढं मी पुन्हा एकदा बघून आले.