अर्धं मिनिट हलू नकोस

फोटो छापायच्या दुकानात माझ्यापुढे नवराबायको भांडत होते. मी निर्लज्जपणे ऐकलं.

"स्पर्धेचा नियम आहे, समुद्राच्या फोटोत माणूस नको. आज शेवटचा दिवस, आणि तू मधोमध बसलीस!"

"मधोमध नाही, उजवीकडे. तुम्हीच म्हणालात, हलू नकोस."

"मला वाटलं, तू माझ्या मागे उभी आहेस! अगं, अर्धं मिनिट कॅमेरा उघडा असतो. हलणारं सगळं पुसलं जातं. लाटा पुसल्या, पक्षी पुसले. तू तरी हलायचंस!"

"बावीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं ऐकलं, तर हे बक्षीस!"

"चार तास थांबलो, तेव्हा कुठे असं धुकं मिळालं."

"मग फोटो काढायच्या आधी समोर बघायचं."

"धुक्यात काय दिसतंय डोंबल! त्यात तू राखाडी शाल डोक्यावरून घेतलेली."

"थंडीनं मरू का मग?"

"दुसरा फोटोच नाही गं माझ्याकडे."

तेवढ्यात दुकानदार छापलेला फोटो घेऊन आला.

"झकास आलाय, काका! आणि हा उजवीकडचा खडक तर काय सुंदर!"

नवऱ्याचा आ वासलेला.

"ऐकलंत? पाठवा आता बिनधास्त. मला सुंदर म्हणायला परका माणूस लागला, ते मी घरी गेल्यावर बघते."